चोवीस पूर्णांक शहाऐंशी

९ जुलै

मामा,

साष्टांग नमस्कार, पण मान जरा ताठ ठेवून.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू विषय बदलतोस आणि मी रडून फोन ठेवते. पत्रात दोन्ही जमत नाही. शिवाय कागदावर लिहिलेलं तेवढंच तुला खरं वाटतं, हे चार वर्षं तुझ्या घरी राहून मला चांगलं कळलंय.

पंपांच्या कारखान्यात माझं झालं नाही. लेखी परीक्षेत मी दुसरी आले होते. मग भरतीसाहेबांनी एका लांबट खोलीत बोलावलं. टेबलावर वीस लोखंडी तुकडे ओळीने मांडलेले आणि शेजारी एक व्हर्नियर, जबड्यांत धरून माप घ्यायची ती पट्टी. म्हणाले, "प्रत्येकाचा व्यास मोजा आणि लिहा." संपली परीक्षा. यांत्रिकीची पदवी, पहिला वर्ग, कॉलेजच्या यादीत अकरावा नंबर, आणि समोर एवढंसं काम.

मामा, व्हर्नियरवर मी तीन पानं लिहू शकते, आकृतीसकट. पण तो हातात कसा धरायचा ते मला माहीत नव्हतं. मी भोकं मोजायच्या वरच्या बारीक जबड्यांत तुकडा धरायला गेले. तो निसटून टणकन खाली पडला. उचलला, पुन्हा धरला, तर रेषांवर रेषा दिसायला लागल्या. हाताला घाम. साहेब घड्याळ बघतायत. शेवटी तुकडा साधारण आपल्या कॉलेजातल्या गट्टूएवढा वाटला, तो जर्नलच्या पहिल्याच प्रयोगातला लोखंडी ठोकळा. आणि मी सांगून मोकळी झाले: चोवीस पूर्णांक शहाऐंशी.

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या खोलीकडे बघून म्हणाले, "आल्या बघा, शहाऐंशीवाल्या." तिकडून हसू आलं. आपल्या कॉलेजातली मी यंदाची सहावी. सहाही जणांनी हाच आकडा सांगितला. तुकडा एकतीस मिलिमीटरचा होता.

मग त्यांनी एक रंगीत पत्रक दिलं. कौशल्यवाढीचा तीन महिन्यांचा वर्ग, शेवटी प्रमाणपत्र. मी ते तिथेच टेबलावर ठेवून आले. आई म्हणते, घ्यायला काय जात होतं. माझं डोकं जात होतं.

तुला एकच विचारायचंय. कॉलेजच्या प्रयोगशाळेची किल्ली बावीस वर्षं तुझ्या कमरेला आहे. तो आकडा आला कुठून?

तुझी,
शहाऐंशीवाली


१४ जुलै

चि. भाचीबाई,

अनेक आशीर्वाद. ताठ मान पोचली.

झालं ते वाईट झालं, पण एवढं मनाला लावून घेऊ नये. हा निव्वळ खोडसाळपणा आहे. मोजमाप करायला कारखान्यात माणसं असतात. पदवीधराने त्यांच्याकडून मोजून घ्यायचं असतं. उद्या डॉक्टरला विचारतील का, की थर्मामीटर तुम्ही स्वतः बनवलात का?

आकड्याचं म्हणशील तर तो जर्नलमधला आहे आणि जर्नल बरोबर आहे. बावीस वर्षं बाहेरचे परीक्षक येऊन त्यावर सही करून गेलेत. त्यांना काय कळत नाही? आणि तुझी जर्नल मी स्वतः, माझ्या अक्षरात, रात्ररात्र नाही पण संध्याकाळी चहा गार करून लिहून दिली होती. उपकार म्हणून सांगत नाही. पण पंचवीसपैकी पंचवीस आणखी कुणाला पडले होते, आठवून बघ.

साधनांचं विचारशील, तर ती कपाटात व्यवस्थित आहेत. तेल लावून, कापडात गुंडाळून. तुम्ही मुलांनी मागितली असती तर मिळाली असती. तुम्हाला कॅन्टीनमधून उठायला सवड नव्हती, त्याला मी काय करू?

माझं ऐक, त्या पत्रकाचा वर्ग करून टाक. प्रमाणपत्र ते प्रमाणपत्र. शिक्का कुणाचा आहे, एवढंच लोक बघतात. ताईला सांग, माझा गुडघा बरा आहे.

तुझा,
मामा


१८ जुलै

मामा,

गुडघा बरा आहे हे वाचून आनंद झाला, कारण आता मी त्यावरच बोट ठेवणार आहे.

आम्ही मागितलं होतं. दुसऱ्या वर्षी, गुरुवारी, दुपारच्या प्रॅक्टिकलला. मी स्वतः तुझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, मामा, एकदा व्हर्नियर दे ना. तू चष्म्यावरून बघितलंस आणि म्हणालास, "इथे मी सर आहे. आणि कशाला हवाय? जर्नल तयार आहे ना?" मी परत जाग्यावर जाऊन बसले, आणि मला आनंदच झाला होता, की बाकीचे लिहीत बसणार आणि माझं आयतं झालं. त्या आनंदाची आता मला लाज वाटते. तुझ्या पंचवीसपैकी पंचवीसांवर मी त्या खोलीत तोंडघशी पडले.

कपाट उघडलेलं मी चार वर्षांत एकदा पाहिलं, कॉलेजला मान्यता देणारी समिती आली होती तेव्हा. सगळी साधनं पांढऱ्या कापडावर मांडली होती आणि आम्हाला सांगितलं होतं, हात लावू नका, पाहुणे येतायत.

आता पुढचं ऐक. तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी परत कारखान्यात गेले आणि भरतीसाहेबांच्या दारातल्या बाकावर बसले. सव्वा तासाने ते बाहेर आले. मी म्हटलं, "मला येत नाही हे मान्य. पण मला शिकवायचं कुणी होतं, तेवढं सांगा. कॉलेज म्हणतं कारखान्यात शिकाल. तुम्ही म्हणता शिकून या. मधल्या मधे आम्ही काय बाकावर बसून शिकायचं?"

ते नेहमीचं सांगायला लागले, की पदवीधर वाढलेत, दर्जा घसरलाय. तेवढ्यात तपासणी विभागाच्या मुख्य बाई पंपाचं झाकण काखेत मारून तिथून चालल्या होत्या. पन्नाशीच्या असतील, केस बारीक कापलेले, बोटं काळी. त्या थांबल्या. म्हणाल्या, "साहेब, ही तुमची मुलाखतीची खोली आधी कसली होती, ते पण सांगा तिला." साहेब घड्याळ बघायला लागले. मग बाईंनीच सांगितलं. तिथे शिकाऊ विभाग होता. नव्या माणसाला सहा महिने शिकवूनच यंत्रावर सोडायचे. बाई स्वतः तिथेच शिकल्या. नऊ वर्षांपूर्वी तो विभाग वायफळ म्हणून बंद केला आणि तिथे टेबल मांडून लोकांना नापास करायला सुरुवात केली. ज्या टेबलावर मी नापास झाले त्याच्या कडेला अजून शेगडीएवढी चौकोनी खूण आहे, तिथे लोखंड पकडायचा वाईस बसवलेला असायचा.

बाईंनी मला शिकून पुन्हा परीक्षा द्यायला आठ आठवडे दिलेत. साहेब म्हणाले, असा नियम नाही. बाई म्हणाल्या, असं करू नये असाही नाही.

तर मामा, आठ आठवडे. मला व्हर्नियर हवाय आणि शिकवणारा हवाय. आणि मला एकटीला नको. आत्ता दुसऱ्या वर्षाला जी साठ मुलं तुझ्यासमोर बसून शहाऐंशी उतरवून घेतायत, त्यांच्यासाठी ते कपाट उघड.

भाची


८ ऑगस्ट

मामा,

तीन आठवडे झाले. तुझं उत्तर नाही. आईने फोन केला तर तू म्हणालास, कामात आहे.

मी पलीकडच्या गल्लीतल्या लेथवाल्या आजोबांकडे जातेय. पहिले चार दिवस त्यांनी मला फक्त लोखंडाचा कीस झाडायला लावला. पाचव्या दिवशी म्हणाले, "डिग्री झाली असेल तर आता शिकायला लागू." त्यांच्याकडचा व्हर्नियर इतका झिजलाय की त्यावरचे आकडे त्यांनाच वाचता येतात, ते पण आठवणीने. मापं ते अंगठ्याच्या नखानेच घेतात आणि ती बरोबर निघतात. मला ते नख कुठून मिळणार?

मला तुझा राग आलाय आणि तुझी आठवणही येतेय. दोन्ही एकदम आल्यामुळे जेवण जात नाही. रागावलास तर रागावलोय असं लिही. पण लिही.


१२ ऑगस्ट

चि. भाचीबाई,

रागावलो होतो. तुझ्यावर आहे असं दहा दिवस वाटत होतं. मग कळलं, नाही.

तो आकडा माझा आहे.

मी नोकरीला लागलो त्या वर्षी साधनांची नवी पेटी आली होती. मी चोवीस वर्षांचा. गट्टूही नवा, चकचकीत. मी वर्गासमोर मोजला, चोवीस पूर्णांक शहाऐंशी आला, फळ्यावर लिहिला. मग तीस मुलांनी रांगेत येऊन आपापला मोजला. कुणाचा चौऱ्याऐंशी, कुणाचा अठ्ठ्याऐंशी. आम्ही त्यावर भांडलो. इतका मजेचा तास मी पुन्हा कधी घेतला नाही.

दुसऱ्या महिन्यात एका मुलाच्या हातून मायक्रोमीटर फरशीवर पडला. मला मेमो आला. 'आपल्या निष्काळजीपणामुळे संस्थेच्या मालमत्तेचे नुकसान.' तेव्हा माझी व्याख्याता म्हणून बढतीची फाईल वर गेली होती. ती खाली आली आणि खालीच राहिली. ताईला मी सांगितलं होतं की जागाच निघाली नाही. तिला आता सांगितलंस तरी चालेल.

त्या दिवशी मी कुलूप लावलं. पुढच्या वर्षी मुलांनी विचारलं, आकडा काय लिहायचा? मी म्हटलं, मागच्या वर्षीचा. झालं. बावीस वर्षं मी माझं एकच मोजमाप साठ-साठ मुलांना वाढत बसलो. कुणी तक्रार केली नाही. पास सगळे होत होते.

आणि तुझी जर्नल. मी समजत होतो, भाचीचे लाड करतोय. लाड नव्हते ते. तुला एकटीला व्हर्नियर दिला असता तर सगळ्या वर्गाला द्यावा लागला असता, आणि मला भीती वाटत होती. पोरीच्या अंगावर मी माझी भीती चढवली आणि वर उपकार सांगितले. मागच्या पत्रातली ती ओळ खोडता आली असती तर खोडली असती.

सोमवारी कपाट उघडलं. म्हणजे उघडायला गेलो, तर कुलूप गंजून बसलेलं. किल्ली आतच तुटली. साठ मुलं बघतायत. मग करवत आणली आणि कडी कापली. पंधरा मिनिटं लागली, घाम फुटला. निदान करवत तरी सरांना चालवता येते, एवढं पोरांना दिसलं. एकाने टाळ्या वाजवल्या. त्याला मी पहिला उठवला मोजायला.

तेल लावलंय म्हणून तुला लिहिलं होतं, पण गट्टू गंजून लाल झाला होता. रॉकेलमध्ये बुडवून, घासून पुसला आणि मोजला. भाचीबाई, तो आता चोवीस पूर्णांक ऐंशी आहे. गंजाने सहा शतांश खाल्ले. म्हणजे बावीस वर्षांत पुढे कधीतरी तो आकडा खोटा झाला, आणि कधी झाला ते मला सांगता येत नाही.

सोबत पार्सलमध्ये माझा स्वतःचा व्हर्नियर पाठवतोय. जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळलाय, ती बाही फेकू नकोस. आता नीट वाच. खालच्या मोठ्या जबड्यांत धरायचा. दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. प्रत्येक तुकडा तीनदा मोजायचा, तिन्ही आकडे लिहायचे, आवडलेला एकच नाही. आणि सगळ्यात आधी, काहीही मोजण्याआधी, जबडे पूर्ण बंद करून शून्यावर शून्य येतंय का ते बघायचं. येत नसेल तर जेवढा फरक, तेवढा प्रत्येक आकड्यातून काढायचा. दुसऱ्याच्या व्हर्नियरवर तर मुळीच विश्वास ठेवायचा नाही, मग तो मामा का असेना.

तुझा,
मामा


२५ सप्टेंबर

मामा,

बाही जपून ठेवलीय. रोज गुंडाळते.

परीक्षा झाली, अकरा तारखेला. त्याच खोलीत, तेच वीस तुकडे, भरतीसाहेबही तेच. मी टेबलावरचा त्यांचा व्हर्नियर उचलला आणि आधी जबडे बंद केले. शून्यावर शून्य नव्हतं. चार शतांश पुढे होतं. मला वाटलं, माझीच नजर चुकतेय. खिडकीशी जाऊन पुन्हा पाहिलं. चारच. मग काय, प्रत्येक आकड्यातून चार काढत गेले. वीस तुकडे, तीन-तीन वेळा, चाळीस मिनिटं. हाताला घाम या वेळीही होता, पण हात थांबला नाही.

साहेबांनी त्यांच्याकडचा उत्तरांचा कागद काढून ताडून पाहिलं. त्यांचा नियम असा, की दोन शतांशांपेक्षा जास्त फरक आला तर उत्तर चूक. त्यांनी वीस फुल्या मारल्या. या वेळी त्यांचा आवाज मऊ होता, खरंच सांगते. म्हणाले, "सुधारणा चांगली आहे. पण वीसच्या वीस चार शतांशांनी चुकलात." आणि खणातून पुन्हा तेच रंगीत पत्रक.

मी म्हटलं, "साहेब, वीसच्या वीस एकाच मापाने चुकायचं तर त्याला फार कौशल्य लागतं. मी चुकले नाही. तुमचा व्हर्नियर चुकतोय."

ते म्हणाले, हा कागद याच व्हर्नियरने मोजून केलाय. मी म्हटलं, म्हणून तर. आणि खुर्चीवरून उठले नाही. बाईंना बोलावल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. मामा, खुर्ची मी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

बाई आल्या. जबडे बंद केले, उजेडाकडे धरले आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "हा पडला होता का?" साहेब म्हणाले, जानेवारीत टेबलावरून पडला होता एकदा, पण तुटला नाही. "आणि कागद कधी केला?" फेब्रुवारीत. "आणि तेव्हापासून किती जण आले?"

सत्तेचाळीस. सगळ्यांच्या उत्तरपत्रिका फाईलमध्ये होत्या. बाईंनी त्या तिथेच टेबलावर पसरल्या, बरोबर त्या वाईसच्या खुणेवर. त्यात तीन अशा निघाल्या की ज्यांची वीसच्या वीस उत्तरं चार शतांशांनी कमी. त्या तिघांनी आधी शून्य पाहिलं होतं. ज्यांना काम येत होतं, नेमके तेच तिघे घरी गेले. दर्जा घसरलाय म्हणून. आणि डोळे मिटून त्या व्हर्नियरवर विश्वास ठेवणारे आत आलेत.

साहेब मला म्हणाले, ठीक आहे, तुम्ही सोमवारी रुजू व्हा. इतके दिवस मी याच वाक्याची वाट बघत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "त्या तिघांना पत्रं गेली की त्याच दिवशी येते." ते म्हणाले, "तुम्ही अटी घालताय?" मी म्हटलं, हो.

घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा तिने डोक्याला हात लावला. नऊ दिवस काही आलं नाही. त्या नऊ दिवसांत मी स्वतःला काय काय म्हणाले ते लिहीत नाही. दहाव्या दिवशी बाईंचा फोन आला, पत्रं गेली, ये आता. तिघांतला एक कपड्यांच्या दुकानात होता. काल तो आला. पहिल्याच दिवशी व्हर्नियर घेतला आणि जबडे बंद करून बघितले. मी आणि बाई एकमेकींकडे बघून हसलो. त्याला कळेना, आपलं काय चुकलं.

मी तपासणी विभागात आहे. बोटं काळी व्हायला लागलीत. त्या खोलीत एक वाईस परत बसवा म्हणून बाईंनी आणि मी अर्ज दिलाय. आधी नाही म्हणतील. पुन्हा देऊ.

तुझी,
भाची

ता. क. : मामा, सत्तेचाळीस सोड, आपल्या सहांपैकी उरलेल्या पाच जणांचं काय? त्यांना तर काहीच येत नाही, माझ्यासारखंच. त्यांना तुझ्याकडे पाठवू का?


२७ नोव्हेंबर

चि. भाचीबाई,

पाचही जण येऊन गेले. शनिवार-रविवार येतात. पदवी झालेली मुलं दुसऱ्या वर्षाच्या बाकावर बसतात आणि खालच्या वर्गातली पोरं त्यांना शिकवतात. त्यात दोन्हीकडचा माज उतरतो.

मला मेमो आला. अपेक्षित होता. विनापरवानगी कुलूप कापलं आणि एका मायक्रोमीटरचं नुकसान. हो, पुन्हा मायक्रोमीटरच पडला. त्या पोरीचा चेहरा बघितला आणि मला चोवीस वर्षांचा मी आठवलो. तिला म्हटलं, उचल, बंद करून बघ, किती चुकतो ते लिहून ठेव. खुलासा मागितला होता. मी एका ओळीत दिला: 'साधने वापरात असल्यामुळे पडली.' प्राचार्यांनी बोलावून विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. माझी बढती तर आता कुणाला थांबवता येत नाही, ती बावीस वर्षांपूर्वीच थांबलीय. हे आधी का सुचलं नाही, याचं मला रोज वाईट वाटतं.

पण तुला सांगायचंय ते कालचं. काल बाहेरचे परीक्षक आले होते. दरवर्षीचेच. साठ जर्नल्सचा गठ्ठा पुढे घेऊन पेन काढलं आणि पहिलं पान उघडून थांबले. चोवीस पूर्णांक ऐंशी. दुसरी जर्नल, अठ्ठ्याहत्तर. तिसरी, ब्याऐंशी. एका पठ्ठ्याची तर चक्क सत्तावीस. त्यांनी पेन बंद केलं आणि मला म्हणाले, "सर, इतकी वर्षं येतोय मी. तुमच्याकडे सगळ्यांचं उत्तर एक असतं. यंदा हा काय गोंधळ?"

प्राचार्य शेजारी उभे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "यंदा मोजलंय."

परीक्षक म्हणाले, "ते ठीक, पण यातलं खरं कुठलं?" मी गट्टू आणि व्हर्नियर त्यांच्यासमोर सरकवला. म्हटलं, "आपणच बघा."

नाही म्हणता येईना. त्यांनी व्हर्नियर हातात घेतला. भाचीबाई, त्यांनी गट्टू वरच्या बारीक जबड्यांत धरला. तू धरलास तसाच. तो निसटला आणि टणकन टेबलावर पडला. पूर्वीचा मी असतो तर धावत जाऊन तो उचलला असता आणि म्हणालो असतो, राहू द्या साहेब, शहाऐंशी लिहा.

मी जाग्यावरून हललो नाही. मग पहिल्या बाकावरची ती मायक्रोमीटरवाली पोरगी उभी राहिली. हळूच म्हणाली, "सर, खालच्या जबड्यांनी. आणि त्याच्या आधी बंद करून शून्य बघा."

मी तिला गप्प बस म्हटलं नाही. परीक्षकांनी जबडे बंद केले आणि बघितलं.

तुझा,
मामा